मुदतीच्या तापाची मुदत कोण ठरवतं?

टायफॉईडला आपल्याकडे जुना शब्द आहे, मुदतीचा ताप. ग्रंथातला शब्द विषमज्वर, पण घराघरात बोलला जायचा तो ‘मुदतीचा’च. ताप चार दिवसांत उतरला नाही की घरातलं कुणीतरी म्हाताऱ्या माणसाने सांगावं, ‘मुदतीचा दिसतोय, एकवीस दिवस घेणार.’ औषध नव्हतं त्या काळातलं हे निरीक्षण चांगलंच नेमकं होतं. पहिल्या आठवड्यात ताप रोज थोडा थोडा चढत जायचा. दुसऱ्या आठवड्यात तो वरच ठाण मांडून बसायचा. तिसऱ्यात रुग्ण गुंगीत, बरळत पडलेला, पोट फुगलेलं. आतड्यातून रक्तस्राव होण्याची किंवा आतडं फुटण्याची भीती याच आठवड्यात सर्वात जास्त. यातून जो निभावला त्याचा ताप चौथ्या आठवड्याच्या सुमाराला हळूहळू उतरू लागे.

आता विचार करा. औषध नसताना तो ताप उतरायचा कशाने? आणि शरीर स्वतःच तो उतरवू शकत होतं, तर त्याला तीन-चार आठवडे का लागायचे? साधी सर्दी तर आपलं शरीर आठवड्याभरात निस्तरतं.

याचं उत्तर मिळायला वैद्यकशास्त्राला शंभराहून अधिक वर्षं लागली आणि वाटेत बरीच अर्धीमुर्धी उत्तरं हाती आली. त्यातलं एक अर्धं उत्तर आजही लॅबच्या कागदावर छापून तुमच्या हातात येतं: ‘विडाल पॉझिटिव्ह’. म्हणून हा इतिहास डॉक्टरांपेक्षाही तुम्हाला माहीत असावा असं मला वाटतं.

पोटातल्या चौक्या

१८२९ साली पॅरिसमधले डॉक्टर पिएर लुई यांनी या आजाराला ‘टायफॉईड’ हे नाव दिलं. अर्थ एवढाच की ‘टायफससारखा’. टायफस हा उवांमुळे पसरणारा निराळाच ताप, पण दोन्हींत माणूस गुंगीत जातो, म्हणून त्या काळी त्यांची सरमिसळ होत असे. लुई हे मोजदाद करणारे डॉक्टर होते. रुग्णाची लक्षणं रोज टिपायची आणि रुग्ण दगावला तर शवविच्छेदन करून आत काय झालंय ते पाहायचं, ही त्यांची पद्धत. त्यांना पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसली. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात काही लांबट चकत्या असतात, त्या सुजून जाड झालेल्या आणि त्यांवर व्रण पडलेले.

या चकत्यांना ‘पायरचे पॅचेस’ म्हणतात, कारण योहान कॉनराड पायर या स्विस वैद्याने १६७७ मध्ये त्यांचं वर्णन केलं होतं. त्या कशासाठी असतात हे पायरला ठाऊक नव्हतं आणि लुईंनाही नव्हतं. आज आपल्याला माहीत आहे की त्या प्रतिकारशक्तीच्या चौक्या आहेत. आतड्यातून रोज काय काय जातंय याची तपासणी तिथे चालते आणि आत पांढऱ्या पेशींची वस्ती असते. म्हणजे टायफॉईडचा जंतू शरीरात शिरतो तो नेमका पोलीस चौकीतूनच!

पुढे १८८० मध्ये कार्ल एबर्ट यांना मृत रुग्णांच्या प्लीहेत आणि पोटातल्या लसिका ग्रंथींत हे दांडीच्या आकाराचे जंतू दिसले. १८८४ मध्ये गेऑर्ग गाफ्की यांनी ते प्रयोगशाळेत वाढवून दाखवले. जंतू सापडला, आता प्रश्न सुटला असं तेव्हा अनेकांना वाटलं असेल. पण ते जंतू मुख्यतः प्लीहा, यकृत, लसिका ग्रंथी, अस्थिमज्जा अशा ठिकाणी सापडत होते. म्हणजे जिथे जंतू मारणाऱ्या पेशी राहतात, तिथेच. हा योगायोग नव्हता.

दूषित पाण्यातून किंवा अन्नातून जंतू पोटात जातो. जठरातल्या आम्लातून जे वाचतात ते पायरच्या चकत्यांपर्यंत पोहोचतात. तिथल्या काही पेशींचं कामच आतड्यातले नमुने उचलून आत देण्याचं असतं, त्यांच्या खांद्यावर बसून हा आत जातो. आत मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. एखादा साधा जंतू इथेच संपतो. टायफॉईडचा जंतू मात्र गिळला गेल्यावर ज्या पिशवीत बंद होतो, तिच्याच भिंतीतून आपली रसायनं पेशीत सोडतो आणि स्वतःला मारण्याची यंत्रणा बिघडवून ठेवतो. मग ती पेशी त्याला घेऊन लसिकेतून, रक्तातून यकृत-प्लीहा-अस्थिमज्जेपर्यंत जाते. तिथे तो वाढत राहतो. हे सगळं चालू असताना माणसाला काहीच होत नसतं. हा काळ साधारण एक ते दोन आठवड्यांचा.

इतके दिवस शरीराला पत्ता कसा लागत नाही? त्याचं एक कारण म्हणजे या जंतूच्या अंगावर ‘व्ही-आय’ नावाचं साखरेच्या साखळ्यांचं पांघरूण असतं. जंतूच्या ज्या खुणा पाहून आपल्या पेशी एरवी बोंब ठोकतात, त्या खुणा या पांघरुणाखाली झाकल्या जातात. म्हणूनच हॉटेलातल्या शिळ्या अंड्यामुळे होणाऱ्या साल्मोनेलाच्या जुलाबात काही तासांतच धावपळ सुरू होते, पण त्याचाच भाऊबंद असलेला टायफॉईड गुपचूप आत उतरतो. रक्ततपासणीतही एरवी जंतुसंसर्गात पांढऱ्या पेशी भराभर वाढतात, तशा इथे वाढत नाहीत. उलट त्या कमी दिसू शकतात आणि इओसिनोफिल तर कधी शून्यावर येतात. रिपोर्टमधला तो शून्य पाहून डॉक्टर थबकतात ते यासाठी.

१८९६: रक्त बोलू लागलं

आता त्या ‘विडाल’कडे येऊ. व्हिएन्नात माक्स फॉन ग्रूबर आणि त्यांच्याकडे काम करणारा इंग्रज तरुण हर्बर्ट डरहॅम यांना १८९६ मध्ये असं दिसलं की जंतू टोचलेल्या प्राण्यांच्या रक्तातलं पिवळट पाणी, म्हणजे सीरम, त्या जंतूंच्या द्रावणात मिसळलं की जंतू एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. सीरममध्ये असं काहीतरी होतं जे जंतूला ओळखून धरत होतं. त्यालाच आपण आज प्रतिपिंड किंवा अँटीबॉडी म्हणतो. त्याच वर्षी पॅरिसमध्ये फेर्नां विडाल यांनी ही गोष्ट उलटी वापरली. जंतू माहितीचा, सीरम रुग्णाचं. गुठळ्या झाल्या तर रुग्णाला टायफॉईड.

त्या काळच्या डॉक्टरांना याचं किती अप्रूप वाटलं असेल याची आज कल्पना करणं कठीण आहे. तोवर निदान म्हणजे रुग्णाच्या उशाशी बसून तापाचा आलेख पाहणं आणि पोटावर गुलाबी ठिपके उमटतात का ते शोधणं. आता रक्ताचा थेंब उत्तर देऊ लागला. चाचणी स्वस्त होती, सोपी होती आणि काही वर्षांत जगभर पसरली.

पण विडाल चाचणी जंतू पाहत नाही. ती जंतूच्या दोन भागांविरुद्ध, ‘ओ’ आणि ‘एच’, तयार झालेले प्रतिपिंड मोजते. ते तयार व्हायलाच आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यामुळे तापाच्या चौथ्या दिवशी केलेली विडाल खऱ्या टायफॉईडमध्येही निगेटिव्ह येऊ शकते. शिवाय एकदा तयार झालेले प्रतिपिंड, विशेषतः ‘एच’, महिनोन् महिने रेंगाळतात. साल्मोनेलाच्या इतर जातींशी, कधी मलेरियासारख्या दुसऱ्याच आजाराशी गाठ पडली तरी ही चाचणी हात वर करते. आपल्यासारख्या देशात, जिथे पाण्यातून हे जंतू थोडेफार येतच असतात, तिथे धडधाकट माणसाचीही विडाल १:८० येणं नवल नाही. घरात चोर शिरल्याच्या खुणा मिळाल्या, एवढंच ती सांगते. चोर आज शिरलाय की गेल्या वर्षी येऊन गेला, हे तिला सांगता येत नाही. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा चाचणी करून प्रमाण चौपट वाढलं तरच तिला वजन येतं, आणि इतके दिवस कुणी थांबत नाही. तरीही ती आपल्याकडे सर्रास केली जाते आणि एका कागदावरून प्रतिजैविकं सुरू होतात. खरा पुरावा जंतूच सापडणं, म्हणजे ब्लड कल्चर. तेही निम्म्याच्या आसपास रुग्णांत जंतू पकडतं, आणि आधी प्रतिजैविक पोटात गेलं असेल तर आणखी कमी.

लस, सैनिक आणि एक आकडेतज्ज्ञ

प्रतिपिंड सापडल्यावर साहजिकच पुढचा विचार आला: ते आधीच तयार करून ठेवले तर? इंग्लंडमधल्या नेटली इथल्या लष्करी वैद्यकीय विद्यालयात आल्मरॉथ राइट यांनी उष्णतेने मारलेले टायफॉईडचे जंतू टोचायला सुरुवात केली. जवळपास त्याच सुमारास जर्मनीत फायफर आणि कोले हेच करत होते. या कहाणीला मुंबईचा एक धागा आहे. परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे ते वाल्डेमार हाफकिन नेटलीला राइट यांना भेटले होते आणि भारतातला आपला कॉलऱ्याच्या लसीचा अनुभव त्यांनी तिथे सांगितला होता. पुढे १८९८ मध्ये राइट प्लेग कमिशनचे सदस्य म्हणून भारतात आले, तेव्हा त्यांनी इथल्या ब्रिटिश सैनिकांना आपली लस टोचली.

मग आलं बोअर युद्ध. दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश सैन्यात ५७ हजारांहून अधिक जणांना टायफॉईड झाला आणि ८ हजारांहून अधिक त्यात मेले. शत्रूच्या गोळ्यांनीसुद्धा एवढे मेले नव्हते. लस ऐच्छिक होती, टोचल्यावर ताप आणि हातदुखी जबर, त्यामुळे घेतली ती १४ हजारांच्या आसपास जणांनीच. युद्धानंतर संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी आकडे तपासले आणि १९०४ मध्ये सांगितलं की लसीचा फायदा दिसतो तो फार कच्चा, आणि नोंदी तर एकमेकींशी जुळतच नाहीत. लस घ्यायला तयार असलेल्यांपैकी एकाआड एकाला टोचा, मग तुलना करा, असं त्यांनी सुचवलं. राइट भयंकर संतापले. माझं मत विचाराल तर लसीबद्दल राइट बरोबर होते आणि पुराव्याबद्दल पिअर्सन. पहिल्या महायुद्धात बहुतेक ब्रिटिश सैनिकांना लस मिळाली होती आणि टायफॉईड बोअर युद्धाच्या मानाने फारच कमी राहिला. अर्थात पाण्याची व्यवस्थाही आता सुधारली होती, त्यामुळे श्रेय कुणाला किती हे काटेकोरपणे सांगता येत नाही.

तरीही एक कोडं उरलं होतं. न्यूयॉर्कमध्ये १९०७ मध्ये मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण पकडली गेली. ती जिथे जिथे नोकरीला राहिली तिथे तिथे टायफॉईड उगवत होता, आणि ती स्वतः ठणठणीत. तिच्या शौचात जंतू मात्र भरपूर. दोन खेपांत मिळून आयुष्याची पंचवीसएक वर्षं तिने एका बेटावर सक्तीच्या एकांतवासात काढली आणि १९३८ मध्ये तिथेच ती गेली. आजार न दिसणाऱ्या बाईला अशी शिक्षा झाली आणि तिच्यासारख्या इतरांना झाली नाही, हा त्यातला अन्याय आहेच. पण आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचं हे, की अशा कायमच्या वाहक माणसांच्या रक्तात प्रतिपिंड मुबलक असतात. म्हणजे प्रतिपिंड आहेत, जंतूही आहे, आणि दोघे सुखाने नांदतायत! बहुधा पित्ताशयात, विशेषतः पित्ताचे खडे असतील तर त्यांच्या पृष्ठभागावर थर करून, हा जंतू वर्षानुवर्षं टिकून राहतो.

औषध आलं, आणि ताप परत आला

खरा उलगडा झाला तो औषध सापडल्यानंतर. १९४८ मध्ये अमेरिकन डॉक्टरांचं एक पथक मलायात, क्वालालंपूरला, स्क्रब टायफसवर क्लोरॅम्फेनिकॉल हे नवं औषध तपासत होतं. थिओडोर वुडवर्ड हे त्यांतले एक. उपचार दिलेल्यांपैकी काही रुग्ण टायफसचे नव्हतेच, टायफॉईडचे निघाले. आणि त्यांचा ताप तीन-चार दिवसांत उतरला! जिथे तीन-चार आठवडे मोजायचे तिथे तीन-चार दिवस. तुमच्या घरातल्या सत्तर-ऐंशीच्या पुढच्या माणसांना विचारा, ‘क्लोरोमायसेटिन’ हे नाव त्यांना अजून आठवत असेल.

पण औषध थांबवल्यावर एक-दोन आठवड्यांत काही जणांचा ताप परत यायचा. औषध नव्हतं तेव्हाही असं होत असे, पण औषध लवकर सुरू केलेल्यांत ते जास्त दिसू लागलं. जंतूला औषध लागू पडत होतं, तरीही.

कारण असं की क्लोरॅम्फेनिकॉल जंतूची वाढ थोपवतं, त्याला ठार मारत नाही. ताप उतरला तरी प्लीहेत, अस्थिमज्जेत, पेशींच्या आत दडलेले थोडे जंतू शिल्लक राहतात. त्यांचा निकाल शरीरालाच लावायचा असतो, आणि शरीराचं ते काम अजून अर्धवट असतं. पूर्वी तीन-चार आठवडे ताप भोगताना ते पूर्ण व्हायचं. आता मधेच धोका टळला असं वाटून तयारी सैल पडायची. पुढच्या औषधांनी हे प्रमाण खाली आणलं, पण ताप उतरल्यावरही गोळ्या ठरल्याप्रमाणे संपवा असं डॉक्टर बजावतात त्यामागे हे आहे.

ती तयारी कोणती? १९६२ मध्ये जॉर्ज मॅकॅनेस यांनी उंदरांवर, लिस्टेरिया नावाच्या दुसऱ्या जंतूवर, केलेल्या प्रयोगांतून ती स्पष्ट झाली. पेशीत दडलेल्या जंतूपर्यंत प्रतिपिंड पोहोचत नाहीत. तिथे उपयोग होतो तो टी-पेशींचा. या पेशी जंतू गिळून बसलेल्या मॅक्रोफेजला ओळखतात आणि तिला रासायनिक निरोप देतात. त्यातला मुख्य निरोप म्हणजे इंटरफेरॉन-गॅमा. तो मिळाला की सुस्तावलेली मॅक्रोफेज खडबडून जागी होते आणि पोटातल्या जंतूला मारू लागते. मात्र नेमक्या या जंतूला ओळखणाऱ्या टी-पेशी सुरुवातीला मूठभरच असतात. त्या शोधायच्या, त्यांची संख्या लाखोपट वाढवायची, ठिकठिकाणी पाठवायच्या, आणि तेही ज्याने स्वतःवर पांघरूण घेतलंय अशा शत्रूविरुद्ध. ही तुमची मुदत. तीन आठवडे जंतूला लागत नसत, ते आपल्याला लागत.

आणि तिसऱ्या आठवड्यात आतडं फुटायचं तेही याच्यामुळेच. पायरच्या चकत्यांत आपल्याच पेशींची एवढी गर्दी होते की सुजेने तिथला रक्तपुरवठा तुटतो, भाग मरतो आणि गळून पडतो. घर वाचवायला आलेल्या लोकांच्या रेट्याने भिंत पडावी, तसं. आजही टायफॉईडच्या रुग्णाचं पोट अचानक जोरात दुखू लागलं, कडक झालं, तर सकाळची वाट पाहायची नाही, तडक रुग्णालय गाठायचं.

प्रतिपिंड पुरेसे नाहीत याचा माणसांवरचा पुरावा अमेरिकेत मेरीलँडमध्ये मिळाला. तिथे रिचर्ड हॉर्निक आणि वुडवर्ड यांनी स्वयंसेवकांना मुद्दाम जंतू पाजून, नंतर औषध देऊन, अभ्यास केला. १९७० मध्ये तो प्रसिद्ध झाला. हे स्वयंसेवक तुरुंगातले कैदी होते. कैद्याच्या ‘होकारा’ला कितपत होकार म्हणायचं, हा प्रश्न आज कुठलीही नैतिक समिती पहिल्यांदा विचारेल, आणि विचारलाच पाहिजे. निष्कर्ष मात्र मोलाचे होते. एक लाख जंतू पाजले तर चौथ्या हिश्शाच्या आसपास लोक आजारी पडले, एक कोटी पाजले तर निम्मे. रक्तातल्या ‘ओ’ प्रतिपिंडांवरून कोण आजारी पडेल हे सांगता येईना. एकदा टायफॉईड होऊन गेलेल्यांपैकीही काही जण पुन्हा आजारी पडले. ‘मला एकदा झालाय, आता नाही होणार’ हे कांजिण्यांबद्दल बहुतेकदा खरं ठरतं, टायफॉईडबद्दल नाही.

मग लस काम कशी करते?

प्रतिपिंड पेशीच्या आत पोहोचत नाहीत, पण जंतू पेशीत शिरण्याआधी, दारातच, त्याला गाठू शकतात. त्यासाठी त्यांनी जंतूचं सगळ्यात बाहेरचं अंग धरायला हवं, म्हणजे ते व्ही-आय पांघरूण. हे पांघरूण १९३४ मध्ये आर्थर फेलिक्स आणि मार्गारेट पिट यांनी शोधलं होतं. १९८० च्या दशकात जॉन रॉबिन्स यांच्या गटाने ते शुद्ध स्वरूपात काढून लस बनवली आणि नेपाळमध्ये ती उपयोगी ठरली. अडचण एकच: नुसत्या साखरेच्या साखळीला टी-पेशी दाद देत नाहीत. त्यामुळे दोन वर्षांखालच्या बाळांत ती लस चालत नव्हती आणि मोठ्यांतही दोन-तीन वर्षांत तिचा असर ओसरत होता. तोडगा म्हणून तीच साखळी धनुर्वाताच्या लसीतल्या प्रथिनाला जोडली. प्रथिन पाहून टी-पेशी कामाला लागतात आणि साखळीविरुद्धचे प्रतिपिंडही पक्के होतात. हीच आजची कॉन्ज्युगेट लस, वयाच्या सहा महिन्यांपासून देता येणारी. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने ती सार्वजनिक मोहिमेतून नऊ महिने ते चौदा वर्षांच्या एक लाखाहून अधिक मुलांना दिली. नेपाळमधल्या ललितपूरच्या चाचणीत, जिचे निकाल २०१९ मध्ये आले, या लसीने सुमारे ८२ टक्के संरक्षण दिलं. ते शंभर टक्के नाही. पाणी उकळणं-गाळणं त्यामुळे सुटत नाही.

दवाखान्यात हमखास विचारलं जातं म्हणून सांगतो: ही लस घेतल्याने विडाल पॉझिटिव्ह येते का? जुन्या, मेलेल्या संपूर्ण जंतूंच्या लसीने यायची, कारण तिच्यात ‘ओ’ आणि ‘एच’ दोन्ही असायचे. नव्या लसीत फक्त पांघरूण आहे, आणि विडाल पांघरूण मोजतच नाही. त्यामुळे लस घेतलेल्या मुलाला ताप आला आणि विडाल पॉझिटिव्ह निघाली, तर ‘लसीमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका. आणि फक्त त्या कागदावर औषधही सुरू करू नका. प्रतिजैविकाची पहिली गोळी देण्याआधी कल्चरसाठी रक्त घेता येईल का, एवढं तुमच्या डॉक्टरांना विचारा.